अर्धा विद्यार्थी, अर्धा मास्तर

"असिस्टंटशिप मिळाली का?"

गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-डोंबिवलीतल्या किती घरांत हा प्रश्न विचारला गेला असेल कोण जाणे! मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला एम.एस.ला नाहीतर पीएच.डी.ला निघालेली, ॲडमिशनचं पत्र आलेलं, बँकेच्या कर्जाचे कागद टेबलावर पसरलेले... आणि भेटायला आलेले एखादे काका चहाचा कप खाली ठेवता ठेवता नेमका हाच प्रश्न टाकणार. उत्तर 'हो' असलं की आईबाबांचे चेहरे सैल पडायचे. कारण अर्थ सरळ होता. फी माफ (निदान बरीचशी), वर महिन्याला हातखर्चाला डॉलर. घर गहाण टाकायला नको.

आता त्या असिस्टंटशिपमध्ये करायचं काय असतं, हे काकांना ठाऊक नसायचं, आणि खरं सांगायचं तर निघालेल्या मुलालाही अंधुकच ठाऊक असायचं. टीचिंग असिस्टंट, म्हणजे बोलीभाषेत 'टीए'. प्रोफेसर तीनशे पोरांना मोठ्या हॉलमध्ये लेक्चर देणार. मग त्या तीनशेंचे पंचवीस-पंचवीसचे गट पडणार, आणि प्रत्येक गटासमोर आठवड्यातून एकदा उभा राहणार तो टीए. लॅब तो घेणार, शंका तो सोडवणार, पेपर तो तपासणार. पहिल्या वर्षाच्या पोराला नावानिशी ओळखणारा विद्यापीठातला एकमेव शिकवणारा माणूस बऱ्याचदा हाच असतो.

मीही एका अमेरिकन सरकारी विद्यापीठात चार सेमिस्टर हे काम केलंय. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या कोर्सचा मी टीए होतो. तेव्हा कामच इतकं असायचं की विचार करायला सवड नव्हती. पण नंतर एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. ज्याला स्वतःला अजून पदवी मिळालेली नाही, ज्यानं शिकवण्याचं धड प्रशिक्षण घेतलेलं नाही, त्याच्या हातात शेकडो पोरांचे मार्क ठरवणारं लाल पेन दिलं कोणी? आणि का?

बरेच विकांत यावर वाचण्यात घालवले. उत्तर एका वाक्यात सांगायचं तर: ही व्यवस्था कोणी बसून, विचार करून आखलेलीच नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत, हा घाईघाईत टाकलेला पॅच आहे. तात्पुरता म्हणून टाकला आणि शंभर वर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललाय.

पण ही गोष्ट अमेरिकेत सुरू होत नाही. ती युरोपात सुरू होते.

'डॉक्टर' हा शब्द लॅटिनमधल्या 'शिकवणं' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. म्हणजे डॉक्टर म्हणजे शिकवणारा (इंजेक्शनं देणारे नंतर आले). मध्ययुगातल्या पॅरिसमध्ये विद्यापीठाची पदवी म्हणजे मुळात शिकवण्याचा परवाना. आणि परवान्याआधी उमेदवारी आलीच, जशी सुताराकडे किंवा गवंड्याकडे असते तशी. पॅरिसच्या धर्मशास्त्र विभागात 'बॅचलर' झालेल्याला स्वतः 'मास्टर' होण्याआधी व्याख्यानं द्यावीच लागत. आधी बायबलवर आणि मग पीटर लोम्बार्डच्या 'सेंटेन्सेस' या ग्रंथावर. प्रत्यक्ष थॉमस अक्वायनसनंही १२५० च्या दशकात हे केलं. म्हणजे शिकता शिकता शिकवणं ही काही आजची टूम नाही. पण त्यात एक सौदा होता, तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: आज तू मास्टरच्या हाताखाली काम कर, उद्या तू मास्टर होशील.

आपल्याकडेही याचा एक भाऊबंद सापडतो. पेशव्यांच्या काळात पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण इंग्रजांनी तो पैसा एकदम बंद केला नाही, हळूहळू वळवला. त्यातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली (तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं), मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली, आणि पुढे कॉलेजातल्या हुशार तरुणांना 'दक्षिणा फेलो' म्हणून पगार मिळू लागला. स्वतःचा पुढचा अभ्यास चालू ठेवायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायला हातभार लावायचा. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर, मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतली ही दोन नावं, दोघेही दक्षिणा फेलो होते. यातली गंमत बघा. दक्षिणा शिष्यानं गुरूला द्यायची असते. इथे शिष्यालाच दक्षिणा, कारण तो अर्धा गुरू झालेला!

पण ते फेलो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टीएंची फौज उभी राहिली ती अमेरिकेत, आणि तीही आडवळणानं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत संशोधनाची पदवी मिळत नसे. ज्याला हौस होती तो जर्मनीला जायचा. येल विद्यापीठानं १८६१ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएच.डी. दिल्या. मग १८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडलं ते जर्मन नमुना डोळ्यांसमोर ठेवून. तिथले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन यांनी पहिल्याच वर्षी प्रत्येकी ५०० डॉलरच्या वीस फेलोशिप दिल्या. हे पैसे शिकवण्याचे नव्हते बरं का, शिकण्याचे आणि संशोधनाचे होते. हॉपकिन्स बघून बाकीची विद्यापीठंही पीएच.डी. देऊ लागली. पीएच.डी.चं इतकं पेव फुटलं की १९०३ मध्ये हार्वर्डच्या विल्यम जेम्सनं 'पीएच.डी. ऑक्टोपस' नावाचा लेख लिहून तक्रार केली: चांगल्या शिकवणाऱ्यालाही नावापुढे ही तीन अक्षरं नसली तर कोणी उभं करेना!

आता इथे तीन गरजा एकत्र आल्या. एक, १८६२ च्या मॉरिल कायद्यानं केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी देऊन विद्यापीठं काढायला लावली होती, आणि तिथे पहिल्या वर्षाला पोरांची रीघ लागली. दोन, संशोधन करणाऱ्या प्रोफेसरांना पहिल्या वर्षाचे निबंध तपासायला वेळ नव्हता, पण हाताखाली संशोधक विद्यार्थी मात्र हवे होते. तीन, त्या संशोधक विद्यार्थ्यांना जगायला पैसे हवे होते, आणि हॉपकिन्ससारख्या फुकट फेलोशिपा सगळ्यांना पुरवणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

तिन्हींवर एकच उत्तर. निबंध त्या विद्यार्थ्यांकडे द्या, त्यांना थोडे पैसे द्या, आणि याला 'प्रशिक्षण' म्हणा. सगळे खूश. पहिल्या वर्षाच्या पोरांना कोणी विचारलं नाही, पण त्यांना कधी कोणी विचारतं?

खरा स्फोट झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या 'जी.आय. बिल' कायद्यानं परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानं कॉलेजात जाता येऊ लागलं, आणि सुमारे २२ लाख सैनिक त्यातून कॉलेजात गेले. १९४७ मध्ये अमेरिकन कॉलेजांतला जवळजवळ निम्मा विद्यार्थी माजी सैनिक होता. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, अमेरिकेची झोप उडाली, आणि पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी केंद्राच्या पैशाचा नवा कायदा आला. मग या सैनिकांची पोरं कॉलेजच्या वयाची झाली. आकडे बघा: १९४० च्या सुमारास उच्च शिक्षणात सुमारे १५ लाख विद्यार्थी, १९६० च्या आसपास ३६ लाख, आणि १९७० मध्ये ८५ लाख!

सर्व्हरवरचा लोड दहा वर्षांत दुपटीहून वर गेला तर आपण काय करतो? मशिनं वाढवतो. पण प्रोफेसर हे मशीन तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि ते महाग असतं. टीए मात्र तयारच असतो. तो आधीच आवारात आहे, स्वस्त आहे आणि तक्रार करत नाही.

निदान १९६४ पर्यंत करत नव्हता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर हे मोठे हुशार प्रशासक. १९६३ साली त्यांनी हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्यानं 'द युजेस ऑफ द युनिव्हर्सिटी' या पुस्तकात आली. आधुनिक विद्यापीठाला त्यांनी 'मल्टिव्हर्सिटी' म्हटलं, म्हणजे एका छपराखालचं अख्खं शहरच. आणि त्यात एक गोष्ट त्यांनी स्वतःच कबूल केली: प्राध्यापक जितके नामांकित, तितकं पदवीच्या पोरांकडे लक्ष कमी. पुढच्याच वर्षी त्यांच्याच बर्कली कॅम्पसवर 'फ्री स्पीच मूव्हमेंट' पेटली. विद्यार्थ्यांना आवारात राजकीय प्रचार करायला बंदी, हे निमित्त. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रशासनाच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या सुमारे आठशे जणांना अटक झाली, आणि मग झालेल्या संपात टीए मोठ्या संख्येनं उतरले. तेव्हा विद्यापीठाला एक साधी गोष्ट कळली. प्रोफेसर वर्गात आला नाही तर एक लेक्चर बुडतं. टीए आले नाहीत तर विद्यापीठ बंद पडतं.

पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग बर्कलीचा नाही, मॅडिसनचा आहे.

मॅडिसन म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठ. साल १९६६. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सक्तीची भरती चालू होती. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना त्यातून तात्पुरती सूट असायची. पण माणसं कमी पडू लागली, तेव्हा भरतीच्या मंडळांनी ठरवलं की सरसकट सूट नको, मुलाचा वर्गातला क्रमांक बघू. खालच्या क्रमांकावर असलेल्याला बोलावणं येऊ शकतं.

आता क्रमांक कशावरून ठरतो? मार्कांवरून. आणि मार्क कोण देतं?

जरा विचार करा. तुम्ही चोवीस-पंचवीस वर्षांचे आहात. रात्री अकरा वाजता पिवळ्या दिव्याखाली इतिहासाच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलाय. एका उत्तराला बी द्यावा की सी, हे ठरत नाहीये. एरवी याचा अर्थ एवढाच की उद्या पोरगं हुज्जत घालायला येईल. पण १९६६ मध्ये त्या सी चा अर्थ असा होऊ शकत होता की हे पोरगं भाताच्या खाचरात बंदूक घेऊन उभं राहील. आणि हा निर्णय घेणाऱ्याला कोर्स कसा आखायचा, परीक्षा कशी घ्यायची, यात कवडीचाही अधिकार नव्हता. हातात पेन होतं, बाकी काही नाही.

त्या वर्षी मॅडिसनमध्ये या प्रकाराविरुद्ध विद्यार्थ्यांनी धरणं धरलं, आणि त्याच धामधुमीत टीएंची संघटना जन्मली: टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन. अशा संघटनांमध्ये ती जगातली सर्वांत जुनी मानली जाते. लक्षात घ्या, ती पगारवाढीसाठी जन्मली नाही. ती जन्मली ते 'आपण जे करतोय त्याचा परिणाम काय होतोय' या प्रश्नातून. पैशाचा मुद्दा नंतर आला, जेव्हा राज्याच्या विधिमंडळात परराज्यातून आलेल्या टीएंची फीमाफी काढून घेण्याचा प्रस्ताव आला. तेव्हा मात्र जे आजवर काठावर बसले होते तेही संघटनेत आले (खिशाला हात लागला की माणूस जागा होतो, हे काय सांगायला हवं?). मार्च-एप्रिल १९७० मध्ये तीनेक आठवडे संप झाला आणि विद्यापीठाला लेखी करार करावा लागला. तक्रार ऐकायची ठरलेली पद्धत आली, कामाच्या अटी कागदावर आल्या. पण कोर्स आखताना आम्हाला आणि विद्यार्थ्यांना विचारा, ही जी मूळ मागणी होती, तिथे हाती फारसं लागलं नाही. पैशाबद्दल व्यवस्थापन बोलायला तयार होतं, अभ्यासक्रमाबद्दल नाही. ओळखीचं वाटतंय ना?

आता तो पॅरिसचा सौदा आठवा. आज हाताखाली काम कर, उद्या मास्टर होशील. १९६० च्या दशकात हा सौदा खरा होता. नवी विद्यापीठं निघत होती, पीएच.डी. संपायच्या आत नोकरी हातात असायची. त्यामुळे पाच वर्षं तुटपुंज्या पैशात काढणं ही गुंतवणूक होती. १९७० च्या सुमारास मात्र हे दार बंद व्हायला लागलं. विद्यार्थिसंख्येची वाढ मंदावली, सरकारी पैसा आटला, आणि इतिहास-साहित्यासारख्या विषयांतल्या पीएच.डी.धारकांना नोकऱ्या मिळेनात. १९८९ मध्ये विल्यम बोवेन आणि ज्युली ॲन सोसा यांचं एक गाजलेलं पुस्तक आलं. १९९० च्या दशकात प्राध्यापकांचा तुटवडा पडेल असं भाकीत त्यात होतं. त्या भरवशावर कित्येकांनी पीएच.डी.ला नावं घातली. तुटवडा काही आला नाही. जुने प्रोफेसर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी विद्यापीठांनी कायम माणसं नेमण्याऐवजी कंत्राटी शिक्षक आणि... बरोबर ओळखलंत, टीए नेमले.

इथे ही व्यवस्था स्वतःचीच शेपटी खायला लागते. टीए स्वस्तात शिकवतो, म्हणून पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा भरावी लागत नाही. आणि जागा भरत नाहीत, म्हणून टीए पुढे प्राध्यापक होत नाही. उमेदवारी आहे पण धंदा नाही. मग ती उमेदवारी कसली, ती नोकरीच झाली.

हा वाद शेवटी कायद्याच्या दारात गेला. तिथे जे झालं ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. अमेरिकेत सरकारी विद्यापीठांना राज्यांचे कायदे लागू, आणि खाजगी विद्यापीठांचा निवाडा करतं केंद्राचं राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ. प्रश्न एकच: टीए विद्यार्थी की कामगार? २००० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात मंडळ म्हणालं, कामगार. २००४ साली ब्राउन युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात म्हणालं, छे, मुख्यतः विद्यार्थी. २०१६ साली कोलंबियाच्या प्रकरणात म्हणालं, नाही नाही, कामगारच. मधल्या सोळा वर्षांत टीएचं काम तसूभरही बदललं नव्हतं. तेच गठ्ठे, तेच लाल पेन. बदलली होती ती मंडळावरची माणसं, कारण ती राष्ट्राध्यक्ष नेमतो. क्लिंटन, बुश, ओबामा, तसा निकाल. म्हणजे एकाच इनपुटला तीन वेळा वेगवेगळं आउटपुट! आपण असा कोड लिहिला असता तर मॅनेजरनं घरी पाठवलं असतं.

दरम्यान येलमध्ये १९९५ च्या डिसेंबरात टीएंनी शेवटचे मार्क द्यायचेच नाकारले. विद्यापीठ कारवाईवर उतरलं, आणि जानेवारीत ते आंदोलन मोडलं. एक गोष्ट मात्र त्यातून सिद्ध झाली. ज्यांना 'केवळ विद्यार्थी' म्हटलं जात होतं, त्यांनी पेन खाली ठेवलं की विद्यापीठाचा निकाल लागत नव्हता. त्याच येलमध्ये २०२३ च्या जानेवारीत झालेल्या मतदानात संघटनेच्या बाजूनं प्रचंड बहुमत पडलं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकनांचं भांडण, आपला काय संबंध? आपला संबंध असा की या फौजेत आपली माणसं ठासून भरलेली आहेत. विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या विभागांत भारतीय, चिनी, कोरियन टीए १९७०-८० पासून वाढत गेले. आणि त्याबरोबर तक्रारही वाढली: 'टीएचं इंग्रजी कळत नाही'. आईबाप चिडले, आमदार चिडले, आणि १९८० च्या दशकात अनेक राज्यांनी शिकवणाऱ्यांचं बोलणं तपासण्याचे कायदे केले. त्यातून आल्या तोंडी परीक्षा. त्यातली एक 'स्पीक' नावाची. समोर माणूस नाही, टेपरेकॉर्डर. कानात प्रश्न येणार, मोजक्या सेकंदांत उत्तर बोलायचं. टेपला भाषण द्यायची सवय नसलेल्या मराठी माणसाची त्यात कशी तारांबळ उडत असेल बघा. आपल्याला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व' पुरतो! आपण 'झेड' म्हणतो, ते 'झी'. आपण 'आय हॅव अ डाऊट' म्हणतो तेव्हा आपल्याला नम्रपणे काही विचारायचं असतं. समोरच्याला वाटतं, हा आपल्यावर संशय घेतोय.

तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. फाडफाड, एका सुरात बोलणारे आपले लोक मीही ऐकलेत. पण तथ्य किती आणि पूर्वग्रह किती, याचा एक सुंदर प्रयोग झालेला आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी चार मिनिटांचं एक व्याख्यान टेप केलं, अस्सल अमेरिकन बाईच्या आवाजात. ते विद्यार्थ्यांना ऐकवलं. काहींना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आवाज तोच, टेप तीच. ज्यांनी आशियाई चेहरा पाहिला त्यांना बोलण्यात परकी ढब 'ऐकू आली'. एवढंच नाही, व्याख्यान किती समजलं याच्या चाचणीत त्यांना मार्कही कमी पडले. म्हणजे कान नुसते कुरकुरत नव्हते, खरंच बंद होत होते. डोळ्यांनी बंद केले होते.

माझ्या स्वतःच्या वर्गात हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं. पहिल्या दोन आठवड्यांत मागच्या बाकावरची पोरं फोनमध्ये डोकं घालून असायची. मग पहिल्या असाइनमेंटची शेवटची रात्र आली, आणि माझ्या टेबलापुढे जी रांग लागली ती मध्यरात्रीपर्यंत हटेना. ज्याचा कोड चालत नाही त्याला अचानक माझं इंग्रजी उत्तम समजायला लागलं. गरज ही उच्चारांची आई आहे! पण त्या रांगेत मी एक गोष्ट शिकलो जी कुठल्याही कोर्समध्ये शिकलो नव्हतो. पोराचा कोड आपण हातात घेऊन दुरुस्त करून दिला की ते पाच मिनिटांत जातं आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक घेऊन परत येतं. 'ही ओळ काय करते ते मला सांग' असं म्हटलं की वीस मिनिटं जातात, पण ते परत येत नाही. आज टीममध्ये नवीन आलेल्या मुलीचा कोड बघताना मी हेच वाक्य वापरतो. म्हणजे प्रशिक्षण झालं, यात शंका नाही. पण ते विद्यापीठानं दिलं नाही, त्या पोरांनी दिलं, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. माझ्या पहिल्या सेमिस्टरची पोरं माझ्या चौथ्या सेमिस्टरच्या पोरांपेक्षा कमी शिकली असणार, आणि फी दोघांनी सारखीच भरली होती.

इथेच मला या शंभर वर्षांच्या वादाची खरी गाठ दिसते. 'विद्यार्थी की कामगार' हा प्रश्नच दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. विद्यापीठ म्हणतं, हे प्रशिक्षण आहे, म्हणून पगार कमी. ठीक, मग प्रशिक्षण दाखवा की! दोन दिवसांचं ओरिएंटेशन आणि एक फोल्डर याला प्रशिक्षण म्हणायचं का? आणि प्रशिक्षण नसेल तर ते सरळ काम आहे, मग कामाचा पूर्ण दाम द्या. दोन्हींपैकी एक तरी करा. आजवर बऱ्याच ठिकाणी कामाच्या वेळी त्याला मास्तर म्हटलं गेलं आणि पगाराच्या वेळी विद्यार्थी.

ही गाठ सुटते तेव्हा कशी सुटते, हेही दिसलंय. क्लार्क केर यांच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठात १४ नोव्हेंबर २०२२ ला सुमारे ४८,००० लोक संपावर गेले: टीए, संशोधन सहायक, पोस्टडॉक. दहाही कॅम्पस. कारण साधं होतं, घरभाडं. अर्धवेळ काम करणाऱ्या टीएचा नऊ महिन्यांचा किमान पगार २३ हजार डॉलरच्या आसपास होता, आणि बर्कली किंवा लॉस एंजेलिसमध्ये तेवढ्यात भाडं देऊन जेवायचं कसं हा प्रश्न होता. परीक्षांच्या ऐन तोंडावर सहा आठवडे संप चालला. शेवटी झालेल्या करारात तो किमान पगार टप्प्याटप्प्यानं सुमारे ३४ हजारांवर न्यायचं ठरलं. उलटं उदाहरणही आहे. मॅडिसनच्या टीएंनी २०११ च्या फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेला गव्हर्नरकडे शेकडो व्हॅलेंटाइन कार्डं नेली, मग दिवसचे दिवस राज्याचं विधानभवन अडवून धरलं. तरीही कायदा झालाच, आणि सामूहिक करार करण्याचा हक्क त्या कायद्यानं बराचसा काढून घेतला.

आणि आता तिसरा भिडू मैदानात आहे. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोयल यांच्या ऑनलाइन कोर्सला 'जिल वॉटसन' नावाची टीए होती. पोरांच्या प्रश्नांना पटापट उत्तरं द्यायची. सेमिस्टर संपत आल्यावर कळलं की ती आयबीएमच्या वॉटसनवर बांधलेला प्रोग्रॅम होती. आज तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असा प्रोग्रॅम आहे, आणि रात्री दोनला तो कंटाळत नाही. त्यामुळे 'आता टीए हवेत कशाला' हा हिशोब कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात कोणीतरी एक्सेलमध्ये मांडत असणारच. पुन्हा तोच जुना खेळ: लोड वाढलाय, स्वस्त मशीन कुठे मिळेल? फरक इतकाच की पूर्वीचं स्वस्त मशीन हे काम करता करता स्वतः शिक्षक होत होतं. नवीन मशीन टीएची जागा घेईल, पण उद्याचा प्रोफेसर कुठून येईल?

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्या आयआयटींमध्ये एम.टेक.ला गेटच्या जोरावर मिळणारं विद्यावेतन कागदोपत्री 'अर्धवेळ टीचिंग असिस्टंटशिप'च असतं, आठवड्याला आठ तास विभागाच्या कामाचे. पवईला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, ते आठ तास कोणाकडे शिकवण्यात गेले, कोणाकडे हजेरीच्या याद्या भरण्यात गेले. नाव एक, काम अनेक.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कोणी टीए म्हणून निघाला असाल, किंवा तुमच्या टीममधलं कोणी निघालं असेल, तर पैसे किती याच्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारायला सांगा. पहिली, वीस तास म्हणजे खरंच वीस तास का? (विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना त्याहून जास्त काम करता येतच नाही, तेव्हा हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.) दुसरी, वर्गात उभं करण्याआधी मला शिकवायला कोण शिकवणार? आणि तिसरी, मी दिलेले मार्क बरोबर की चूक हे कोण तपासणार?

तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर बेधडक जा. दक्षिणा थोडी कमी असली तरी चालेल.